कच्च्या टाक्यांची इमारत

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी कपाळावर आठ्या घालशील, की आईनं आता हे काय नवीन खूळ काढलं. काय करणार? फोन केला की तू 'कामात आहे, नंतर करते' म्हणतेस आणि तुझं ते 'नंतर' काही उजाडत नाही. जावईबापू उचलतात तेव्हा ते बिचारे हवापाण्याचं बोलतात, मीही हवापाण्याचं बोलते, आणि दोघंही सुटल्यासारखे फोन ठेवतो. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. दुकानातच बसले आहे, कापायच्या टेबलावर, शटर अर्धं खाली ओढून, म्हणजे दुपारचं कुणी 'चोरखिसा लावून देता का' म्हणत आत शिरायला नको. ओळी वर चढल्या असतील तर हसू नकोस. शाळेत तुझ्या ओळी खाली उतरायच्या तेव्हा मी हसले नव्हते, चांगली रागावले होते.

खरं सांगायचं तर माझं कशात म्हणून लक्ष नाही. मशीनवर बसते, उठते, खिडकीशी जाते, परत येते. चहा टाकते आणि विसरते. हे पत्र सुरू केल्यापासूनच दोनदा उठून आले. एकदा पाणी प्यायला आणि एकदा उगीचच. माझ्या हाताखालची मावशी परवा म्हणाली, बाई, एक तर बसा नाही तर जा, तुमच्या येरझाऱ्यांनी मला गरगरतंय. गिऱ्हाइकांवर खेकसणं चालूच आहे. कोट शिवायला आलेल्या एका गृहस्थांना म्हटलं, खांदे सरळ धरा, मग कोट वाकडा झाला म्हणून माझ्याकडे येऊ नका. ते तसेच उभे राहतात गं, जन्मापासून. त्यांची बायको माझ्याकडे असं बघत होती की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

येत्या रविवारी तुझ्या इमारतीची दुसरी सुनावणी. पास झाली तर उद्यानाच्या त्या कोपऱ्यात, जिथे आज मोडक्या शेडमध्ये माळ्याची अवजारं गंजत पडली आहेत, तिथे तुझं समाजघर उभं राहणार. नाही झाली तर काम दुसऱ्या कुणाच्या ऑफिसकडे जाणार. हे मला पेपरात वाचून कळलं, तुझ्याकडून नाही. स्वतःचं ऑफिस काढल्यानंतरचं तुझं हे पहिलं मोठं काम. त्याच्यापायी तू जेवणखाण विसरलीस, केस कापायला विसरलीस, एकदा तर माझा वाढदिवस विसरलीस आणि मी चक्क रागावले नाही. आणि ते काम लटकलं ते माझ्यामुळे, असं तुला वाटतं. बरोबरच वाटतं. मी काही सारवासारव करायला बसलेली नाही.

तुला आठवतं का, तू लहान असताना याच टेबलाखाली बसायचीस. वरून कापडाच्या चिंध्या पडायच्या आणि तू खाली रिळांच्या भिंती करून त्यावर चिंध्यांची छपरं घालायचीस. मी पाय पसरले की तुझं एखादं गाव जमीनदोस्त व्हायचं आणि तू असा भोकाड पसरायचीस की गिऱ्हाइकाला वाटावं, मी पोरीला टाचण्या टोचते आहे. तुझे बाबा म्हणायचे, हिला शिवण शिकव. मी म्हणायचे, हिला शिवण नको, हिला मोठं टेबल पाहिजे. ते गेले त्या वर्षी तू आर्किटेक्चरला गेलीस. मोठं टेबल मिळालं तुला. मला काय वाटलं असेल ते तुला मी कधी सांगितलं नाही, कारण आपल्या घरात चांगलं बोलायची पद्धतच नाही. चांगलं झालं की आपण 'बरं झालंय' म्हणतो आणि चुका काढायला घेतो.

म्हणून तू नकाशे घेऊन आलीस तेव्हाही मी चुकाच काढल्या. मातीच्या ठोकून केलेल्या भिंती म्हणालीस, तर मी म्हटलं, मग शेणाने सारवायला कोण येणार, तू का? छपरावर गवत म्हणालीस, तर मी विचारलं, वर बकरी बांधणार आहात का? तू हसलीस आणि धीराने समजावत बसलीस. जुन्या शेडचं लाकूड वापरणार, छपराचं पावसाचं पाणी खाली टाकीत साठवणार, वारा कुठून आत येऊन कुठून बाहेर जाणार, दिवसा दिवा लावायची गरज कशी पडणार नाही. मी नाक मुरडून ऐकलं. पण तू गेल्यावर तो रंगीत नकाशा ट्रायल रूममध्ये आरशाशेजारी लावला, आणि जी बाई कपडे घालून बघायला आत गेली तिला बाहेर आल्यावर आधी विचारलं, फिटिंग राहू दे, ते चित्र पाहिलंत का? मावशी साक्षीला आहे. तुला हे माहीत नाही, कारण तू यायची असलीस की मी तो काढून ठेवायचे.

आणि मग तुझा तो फोन आला. तू एवढी खुशीत होतीस की शब्दांवर शब्द पडत होते. म्हणालीस, आई, उद्यानात बांबू रोवून दोऱ्या लावल्यात, इमारत केवढी आणि कुठवर ते लोकांना आधीच कळावं म्हणून. अगदी तुझ्यासारखंच, आधी कच्चे टाके, मग ट्रायल आणि मग पक्की शिलाई. सकाळी फिरायला जाशील तेव्हा बघ आणि सांग. कच्चे टाके! इतकी वर्षं टेबलाखाली बसून तू काय काय उचललं होतंस ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, बघू वेळ मिळाला तर. फोन ठेवला आणि गिऱ्हाईक समोर असताना मला रडू आलं. डोळ्यात धागा गेला म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते सगळ्या वस्तीला पाठ आहे. दुकानवाल्या बाई सरळ चालत गेल्या आणि दोरी तोडून दोन बांबू आडवे करून मोकळ्या झाल्या. फिरायला येणाऱ्यांचं टोळकं तिथे बाकावर होतंच, आणि त्यात आपला भोंगा. तोच तो, बँकेतून रिटायर झालेला, ज्याला कानात सांगायचं गुपितही दोन गल्ल्या ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगता येतं. त्याला उद्यानात वीटसुद्धा नको आहे. तो टाळ्या वाजवत उठला, शाब्बास, एकीला तरी हिंमत झाली! मी गवतावर गुडघ्यांवर पडलेली, शालीला दोरी गुंडाळलेली, आणि हा आपला टाळ्या पिटतोय. बाकीच्यांनीही पिटल्या. कुणीतरी फोटो काढला. मला हात देऊन उठवलं, पाणी दिलं, आणि मी काही बोलायच्या आत मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं. तो फोटो तुझ्या ऑफिसात माझ्याआधी पोचला. तू फोन करून एवढंच विचारलंस, आई, हे खरं आहे? तुझा आवाज इतका लहान झाला होता. आणि मी म्हटलं, हो, मला नाही आवडली तुझी इमारत.

ते वाक्य मी का बोलले, ते पुढे सांगते. जरा उठून येते.

आले. पहिल्या सुनावणीचं सांगते, कारण तू ते वर मंचावरून पाहिलंस आणि मी खालून. भोंग्याने बोलणाऱ्यांत माझं नाव परस्पर घातलं होतं. मी घरून ठरवून निघाले होते की उभं राहायचं आणि सांगायचं, इमारत चांगली आहे, माझ्या मुलीने केली आहे, त्या सकाळचं मनावर घेऊ नका. चांगला इस्त्रीचा ड्रेस घातला होता, तो निळा, तुला आवडतो तो. पण तुमचा तो पडदा दिसावा म्हणून हॉलमधले दिवे मंद केलेले. मी मुद्दाम पुढे गेले, टेबलावर ठेवलेलं पुठ्ठ्याचं मॉडेल बघायला. मातकट भिंती, मातकट जमीन, मातकट पायऱ्या. मी वाकून वाकून बघत होते आणि मला दार सापडेना. बाजूला एक मुलगी उभी होती, ती बोट दाखवून म्हणाली, हे काय, समोरच तर आहे. परत फिरताना मंचाची पायरी मला लागली, मी एका माणसाच्या मांडीवर बसता बसता वाचले, आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

त्या क्षणी घरून ठरवून आणलेलं सगळं विसरले. उभी राहिले. आधी नाव आणि या जागेशी तुमचं नातं सांगा, असं त्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, तर मी म्हटलं, रोज फिरायला येते. तुझी आई आहे म्हटलं नाही. आणि मग जे तोंडाला आलं ते बोलत सुटले. बिळात राहायला आम्ही काय उंदीर आहोत का, दिवसाढवळ्या माणसाने चाचपडत जायचं का, दार कुठे आणि भिंत कुठे ते कळू नये अशी कसली ती इमारत. लोक हसले. भोंगा तर खुर्चीवरून पडायचा बाकी होता. आणि तू माइक पुढे ओढलास, माझ्याकडे न बघता वहीत काहीतरी लिहिलंस आणि म्हणालीस, धन्यवाद, आपण मांडलेली हरकत नोंदवून घेतली आहे. आपण! ठमे, जन्मल्यापासून तू मला अगं-तुगं करत आलीस, रागावलीस तेव्हा तर आणखीनच, आणि त्या दिवशी भर हॉलमध्ये मला 'आपण' म्हणालीस. तू मला शिवी दिली असतीस तर मी घरी जाऊन झोपले असते.

तेव्हापासून हे असं चाललंय. उद्यानात जायचं मी सोडून दिलं. भोंगा दुकानापर्यंत येऊन गेला, रविवारी पुन्हा बोलायचं हां ताई, तुमच्यासारखं कुणी बोलत नाही, म्हणाला. मी बरं म्हटलं. घरात मी सारखी कशाला तरी धडकते. स्टुलाला, पलंगाच्या कोपऱ्याला, फ्रिजच्या उघड्या दाराला. नडग्यांवर निळेकाळे डाग आहेत, म्हणून आता मोजेच घालते. मी सगळं खापर मावशीवर फोडायचे, की ही आवरायला येते आणि वस्तू हलवून ठेवते. दुकानात कात्री हाताशी असली तरी शोधत बसायचे. सुईत मात्र अजून एका दमात दोरा ओवते, चष्म्यातून बारीक अक्षर वाचते, म्हणून मला वाटायचं, डोळे ठणठणीत आहेत, डोकंच म्हातारं झालंय. मग मागच्या आठवड्यात एका लग्नाच्या कोटाची बाही कापताना मी टेबलाच्या कडेला दुमडून पडलेलं कापड पाहिलंच नाही, आणि बाहीबरोबर पाठीचाही तुकडा कापला. मावशी उठून आली. तिने कात्री माझ्या हातातून घेतली, शटर ओढलं आणि मला हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊन बसवलं.

तिथली डॉक्टर तुझ्याहून लहान असेल. एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावलं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मला दिवे फारसे दिसेनात, तर मी म्हटलं, आपण कशाला मागे राहा, अंदाजाने दाबत सुटले. ती हळूच म्हणाली, काकू, दिवा लागलाच नव्हता. मला एवढी लाज वाटली, आणि हसूही आलं. नंतर तिने कागद दाखवला. मध्ये स्वच्छ आणि सगळीकडून काळं चढत आलेलं, खालच्या बाजूला जास्त. काचबिंदू. समोरचं लख्ख दिसतं आणि कडा जातात, म्हणजे माणसाला पत्ताच लागत नाही. गेलं ते परत यायचं नाही, म्हणाली, पण उरलंय ते थेंब घालून पुष्कळ टिकवता येतं. थेंब घालते आहे. एक दिवस चुकला नाही, मावशी फौजदारासारखी उभी असते.

तर आता त्या सकाळचं ऐक. मी तुझी दोरी तोडली नाही. मला ती दिसलीच नाही. मी रोजच्यापेक्षा लवकर उठून, केस नीट बांधून, खास तुझी इमारत बघायला गेले होते. लांबून बांबू दिसले, त्यांची उंच टोकं दिसली, आणि मी मान वर करून बघत चालले होते की इथवर छप्पर येणार, वर गवत येणार, आणि माझी ठमी इथे आत उभी राहून लोकांना सांगणार. मी एवढी हरखले होते की कुणी बघत नसतं तर टाळी वाजवली असती. आणि कमरेला काहीतरी अडकलं आणि मी आडवी झाले. गवतावर पडल्या पडल्या मला कळलं की पांढरी दोरी माझ्या अंगावर आहे आणि तरी ती मला दिसत नाहीये. जन्मभर दोऱ्यावर पोट भरलेली बाई मी. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी ती दोरी हाताने चाचपत होते. भांडकुदळ म्हटलेलं मला चालतं गं, सवय आहे. आंधळी म्हटलेलं चालेना. म्हणून तुला फोनवर तसं म्हणाले. तू दुखावली जाशील हे कळत होतं, तरी म्हणाले. माझी भीती मी तुझ्या इमारतीवर काढली, आणि हॉलमध्येही तेच झालं.

रविवारी मी बोलणार आहे. भोंग्याला वाटतंय त्याच्या बाजूने. उभी राहीन, नाव सांगीन, आणि नातं विचारलं की सांगीन, जिची इमारत आहे तिची आई. दोरी का तुटली तेही सांगीन. हसू देत काय हसायचं ते. पण एक हरकत मात्र मागे घेणार नाही, कारण आता ती मला नीट समजली आहे. दार खरंच सापडत नाही, ठमे. तुला सापडतं, त्या मुलीला सापडतं, मला नाही सापडत, आणि त्या घरात दुपारी बसायला येणारी माणसं बहुतेक माझ्याच वयाची असणार. गळ्याला आणि बाहीला आपण वेगळ्या रंगाचा गोट लावतो, तसा पायऱ्यांच्या कडांना आणि दाराला लावता येईल का, बघ. नसेल चालत तुमच्या मातीला तर दुसरं काही कर, ते तुझं काम आहे. ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकाने जिथे काचतं तिथे बोट ठेवायचं असतं, एवढंच मी करते आहे.

पण हे सगळं रविवारी तुला तिथेच कळलं असतं. त्यासाठी मी पत्र लिहीत बसले नसते. लिहिते आहे ते डॉक्टरने उठता उठता विचारलेल्या एका प्रश्नासाठी. मुलं आहेत का काकू? म्हटलं, एक मुलगी आहे. तर म्हणाली, तिलाही तपासायला पाठवा, आईला असेल तर मुलांना होण्याची शक्यता जास्त, दुखत नाही, खुपत नाही, आणि लवकर कळलं तर थांबवता येतं. तेव्हापासून मी बसते आणि उठते आहे. तू मला 'आपण' म्हण, फोन उचलू नकोस, सुनावणीत माझ्याकडे बघू नकोस, ते मी सोसेन. पण त्या भांड्यात तोंड घालून ये, ठमे. हे पत्र मावशी आज संध्याकाळीच तुझ्या हातात देईल, तेव्हा रविवारची वाट बघू नकोस, नंतर करते म्हणू नकोस, उद्याच जा, आणि दिवा दिसला तरच बटण दाब. तुझं काही नसेल, मला खात्री आहे, तरी जा. आणि तिथून परस्पर उद्यानात ये. ऐकलंय की आता तुम्ही दोऱ्यांना लाल फिती बांधल्यात. मी बाकावर बसलेली असेन. माझा हात धर आणि मला दारातून आत ने.

उद्या सकाळपासून तुझी वाट बघणारी, तुझीच,
आई